लांब कानांचा सोबती

मराठी भाषेनं कुत्र्याला फारसा मान दिलेला नाही. शेपूट वाकडं ते कुत्र्याचं, मरण वाईट ते कुत्र्याचं. मात्र इमानाची उपमा द्यायची वेळ आली की पुन्हा त्याचंच नाव पुढं येतं. शब्दांशी संसार करणाऱ्या माणसाला याची गंमत वाटते. पण आज बोलायचं आहे ते म्हणींतल्या कुत्र्याबद्दल नव्हे, तर ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या इमारतींतून संध्याकाळी फिरायला निघणाऱ्या एका खऱ्याखुऱ्या कुत्र्याबद्दल. मध्यम उंची, रेशमासारखे केस, पाणीदार डोळे आणि गालांवरून खाली लोंबणारे लांब कान. हा कॉकर स्पॅनियल. इतर कुत्रे कान टवकारतात, याला ते जमत नाही. सुख आणि दुखणं, दोन्ही त्याच्या कानांशी बांधलेली आहेत, ते पुढं येईलच.

आधी नावाची गोष्ट. 'स्पॅनियल' हा शब्द स्पेन देशावरून आला, असं मानतात. इंग्लंडमध्ये वूडकॉक नावाचा एक पक्षी झुडपांत दबून बसतो. त्याला हुसकावून उडवायचं काम ज्या लहान स्पॅनियलकडे असे, तो 'कॉकर'. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या केनेल क्लबनं ही वेगळी जात म्हणून मान्य केली. पुढं अमेरिकेत याचीच एक शाखा जराशी लहान, घुमटाकार डोक्याची आणि अधिक केसाळ झाली. १९४६ पासून तिकडे इंग्लिश कॉकर आणि अमेरिकन कॉकर अशा दोन वेगळ्या जाती मानल्या जातात. इंग्लिश कॉकरची उंची खांद्यापाशी साधारण ३८ ते ४१ सेंटिमीटर आणि वजन १३ ते साडेचौदा किलो. अमेरिकन त्याहून थोडा हलका. रंग सोनेरी, काळा, तपकिरी किंवा ठिपक्यांचा.

हा इतिहास सांगायचं कारण म्हणजे त्यात या कुत्र्याचा स्वभाव दडलेला आहे. ज्याच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या झुडपं हुंगत दिवस काढले, तो आपल्या दोन खोल्यांच्या घरात आला म्हणून नाक बंद ठेवणार नाही. चपलांचा कप्पा, भाजीची पिशवी, पाहुण्यांची पर्स, सगळ्यांची झडती होणार. त्याच नाकाचा उपयोग आज माणूस करून घेतो. आपल्याकडच्या विमानतळांवर स्फोटकं हुंगण्याच्या कामात कॉकर स्पॅनियल दिसतात. २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे लघवीचे नमुने वासावरून ओळखायला सहा कुत्र्यांना शिकवलं होतं. त्यांत कॉकरही होते. निव्वळ अंदाजानं १४ टक्के वेळा बरोबर आलं असतं, ते या कुत्र्यांना ४१ टक्के वेळा साधलं. रोगनिदान कुत्र्यांवर सोपवावं, असा याचा अर्थ नाही. पण ज्या नाकात एवढी ताकद आहे त्याला रोज काही काम हवं, एवढं मात्र यातून कळतं. चार डबे उपडे ठेवा, एकाखाली बिस्किटाचा तुकडा लपवा आणि 'शोध' म्हणा. दहा मिनिटांच्या या खेळानं तो जितका समाधानानं दमतो, तितका गॅलरीत दिवसभर उभं राहून दमत नाही.

स्वभावानं हा आनंदी. शेपूट तर सतत चालू. माणसांचा लोभी, मुलांत रमणारा, शिकवायला सोपा. पण रागावून बोललं की मनाला लावून घेणारा. काही पिल्लं धाक वाटला की जागेवरच लघवी करतात. तो खोडसाळपणा नसतो, भीती असते. तिथं ओरडण्यानं भीती वाढते आणि लघवीही. काही कॉकर आपलं खाणं किंवा खेळणं कुणी उचललं की गुरगुरतात. लहान मुलांना पहिल्या दिवसापासून सांगून ठेवावं, की तो जेवत असताना ताटलीला हात लावायचा नाही आणि तो झोपला असताना अंगावर पडायचं नाही.

आता खरा प्रश्न. आपल्याकडे माणसं सातच्या सुमाराची लोकल पकडतात आणि रात्री आठला परततात. दोघंही नोकरी करणारी असली तर घर बारा-तेरा तास बंद. ज्या जातीला माणसाच्या पावलांत राहायचं वेड, तिला हा एकांत सोसत नाही. मग दार खरवडणं, सोफा फाडणं, तासन्‌तास रडणं सुरू होतं. शेजारी तक्रार करतात, सोसायटीची नोटीस येते आणि एके दिवशी ते कुत्रं 'चांगल्या घरी दिलं' असं सांगितलं जातं. सगळीच घरं चांगली निघत नाहीत. काही कुत्री रस्त्यावर सोडली जातात. रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्याला गाड्या चुकवता येतात, आपली गल्ली राखता येते. मऊ गादीवर वाढलेल्या कॉकरला यातलं काही येत नाही. म्हणून घरात आजी-आजोबा किंवा दुपारी दार उघडणारं कुणीतरी असेल तरच हा विचार करावा. मोठ्या कुत्र्यालाही सहा-आठ तासांपेक्षा जास्त लघवी धरायला लावू नये आणि पिल्लाला तर दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं.

दुसरा हिशोब वर्षांचा. कॉकर १२ ते १४ वर्षं जगतो. तिसरीतल्या मुलानं हट्ट धरला म्हणून पिल्लू आणलं, तर ते म्हातारं होईपर्यंत मुलगा पदवीधर होऊन नोकरीला लागलेला असेल. दहावीचं वर्ष, बारावीचं वर्ष, परगावची कॉलेजं, या साऱ्यांत कुत्र्याला फिरवणार कोण, याचं उत्तर आई-बाबांनी आधी एकमेकांना द्यावं.

पिल्लू घ्यायचं ठरलंच, तर घाई नको. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. तरी बाजारात पिंजऱ्यातून महिन्याभराची पिल्लं दाखवली जातात. आईचं दूध लवकर तुटलेली ती पिल्लं पार्व्होसारख्या आजारानं आठवड्याभरात दगावू शकतात. पिल्लाची आई बघायला मागावी, ती जिथं राहते ती जागा बघावी. दाखवायला नकार आला, तर तिथून परत फिरावं. या जातीत दृष्टिपटल हळूहळू निकामी होण्याचा एक आनुवंशिक आजार आढळतो. रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावरून त्याची जनुकीय तपासणी होते. पिल्लाच्या आईबापाची ती झाली आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. शिवाय कुणीतरी सोडलेला, तीन-चार वर्षांचा कॉकर प्राणिमित्र संस्थांकडे मिळू शकतो. त्याला घर देणं हा तर दोघांच्याही पुण्याचा भाग.

आता ते कान. कानाची लांब पाळी भोकावर पडद्यासारखी पडते. आत हवा खेळत नाही, मेणासारखा स्राव या जातीत जास्त होतो, वरून केसांचं रान. त्यात आपला पाऊस. ठाणे जिल्ह्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पडतो आणि चार महिने हवा ओली असते. अशा कानात बुरशी आणि जंतू फोफावले नाहीत तरच नवल. कुत्रं सारखं डोकं झटकू लागलं, पायानं कान खाजवू लागलं, कानाला आंबूस वास येऊ लागला किंवा काळपट-तपकिरी घाण दिसली, की पशुवैद्याकडे जावं. दुर्लक्ष केलं तर सूज आतवर जाते, नळी कायमची अरुंद होते आणि बहिरेपणही येऊ शकतं. गोडं तेल, खोबरेल, हायड्रोजन पेरॉक्साइड असले घरगुती प्रयोग नकोत. कापूस गुंडाळलेली काडीही नको, ती मळ आत ढकलते.

रोजची काळजी सोपी आहे. आठवड्यातून एकदा पाळी उचलून बघावं, हुंगावं. पशुवैद्यानं दिलेलं द्रव कानात घालून मुळाशी हलकेच चोळावं, कुत्र्याला डोकं झटकू द्यावं आणि बाहेर आलेला मळ कापसाच्या बोळ्यानं टिपून घ्यावा. पाळीच्या आतल्या बाजूचे केस बारीक कापून घ्यावेत. आंघोळीनंतर आणि पावसातून आल्यावर कान कोरडे करावेत. खाण्यापिण्याला अरुंद तोंडाचं, उंच कडेचं भांडं ठेवावं, म्हणजे कान वरणभातात बुडत नाहीत.

केसांचं काम रोजचं. दहा मिनिटं फणी फिरवली नाही तर काखेत, कानामागं, मांड्यांवर गाठी होतात. गाठीखाली त्वचा ओली राहून सडते. दीड-दोन महिन्यांनी केस कापून घ्यावेत. ही आपल्या हवेचीच गरज आहे असं नाही. इंग्लिश कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांचा फ्लश नावाचा कॉकर होता. लंडनमध्ये कुत्रेचोरांनी तो पळवला आणि त्यांनी खंडणी भरून सोडवून आणला. १८४६ मध्ये त्या लग्न करून इटलीला गेल्या, तेव्हा फ्लशही बरोबर गेला. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९३३ साली त्याच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यात इटलीच्या पिसवांनी हैराण झालेल्या फ्लशचे देखणे केस कापावे लागल्याचा प्रसंग आहे. फ्लॉरेन्समध्ये जे करावं लागलं, ते डोंबिवलीत करायला लाजायचं कारण नाही. शोभेपेक्षा सोय मोठी.

पिसवांहून धोकादायक गोचीड. तपकिरी गोचीड आपल्या हवेत बारमाही. ती भिंतींच्या फटीत अंडी घालते, त्यामुळे कुत्र्याला औषध लावलं तरी घर साफ केल्याशिवाय सुटका नाही. तिच्या चाव्यातून एर्लिकियासारखे जंतू रक्तात शिरतात. ताप, खाणं सुटणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त येणं ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी रक्ततपासणी करावी. वेळेत औषध सुरू झालं तर कुत्रं वाचतं. फिरून आल्यावर बोटांच्या फटी, कानाच्या कडा आणि गळपट्ट्याखाली रोज हात फिरवावा. गोचीडप्रतिबंधक औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानं वर्षभर चालू ठेवावं.

पावसाळ्याचा आणखी एक शत्रू म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ चा प्रलय आपल्या भागानं पाहिला. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेही आठवत असेल. उंदरांच्या लघवीतले जंतू साठलेल्या पाण्यात असतात. ते कुत्र्याच्या अंगात जातात आणि त्याच्या लघवीतून माणसालाही बाधू शकतात. म्हणून डबक्यातून चालवू नये, पाय धुऊन, पुसून घरात घ्यावं आणि लेप्टोची लस दर वर्षी टोचून घ्यावी.

लसींचं वेळापत्रक चुकवू नये. डिस्टेंपर, पार्व्हो यांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत ठरावीक अंतरानं पुन्हा द्यावी लागते. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांनी, मग पशुवैद्य सांगतील तशी, बहुधा दर वर्षी. आणि कुत्रं घरचं असो की दारचं, चावलं किंवा नखानं ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. हळद, चुना, मिरचीपूड यांत घालवलेला वेळ जिवावर बेततो.

खाण्याबद्दल आपल्या म्हणीत शहाणपण आहे: कुत्र्याला तूप पचत नाही. कॉकरच्या बाबतीत तर हे वैद्यकीय सत्य समजावं. तळकट, तुपकट खाण्यानं या जातीत स्वादुपिंडाची सूज येण्याचा संभव जास्त. याचे डोळे असे काही बोलतात, की जेवणाऱ्याचा घास घशात अडकतो आणि अर्धी पोळी खाली जाते. असं करत करत वजन वाढतं, मग सांधे आणि हृदय कुरकुरतात. नुसती दूध-पोळी पुरेशी नाही, त्याला प्रथिनं हवीत. बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, अंडं, भात, शिजवलेली भाजी किंवा चांगलं तयार खाणं दिवसातून दोनदा मोजून द्यावं. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे त्याला विषासारखे. शिऱ्यातला बेदाणासुद्धा काढून टाकावा. शिजवलेली हाडं टोकदार फुटतात, आंब्याची कोय आतड्यात अडकते. आणि आपल्या डोकेदुखीच्या, अंगदुखीच्या गोळ्या त्याला कधीही देऊ नयेत.

डोळ्यांकडे रोज लक्ष असावं. आतल्या कोपऱ्यात लाल गोळी दिसणं, पाणी किंवा चिकट घाण सतत येणं, डोळा दुखून बारीक करणं किंवा बुबुळ निळसर होणं, यांतलं काही दिसलं तर थांबू नये. काचबिंदूत एका दिवसाचा उशीरही दृष्टी घेऊन जाऊ शकतो.

फिरणं रोज तासभर, दोन वेळा विभागून. मे महिन्यात सूर्य वर येण्याआधी आणि मावळल्यावर. डांबरावर पाच-सात सेकंद हाताची पालथी बाजू ठेवून बघावी. आपल्याला सोसत नसेल, तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. दमट हवेत ते नीट साधत नाही. अति धाप, लाळ, झोकांड्या दिसल्या तर सावलीत घेऊन अंगावर पाणी आणि पंखा, आणि तसंच पशुवैद्याकडे. ठाण्यात येऊरच्या बाजूला नेत असाल, तर साखळी सोडू नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं रान आहे, तिथं बिबट्या आहे, आणि कुत्रं हे त्याचं ठरलेलं खाद्य.

दिवाळीत फडके रोडवर आपला आनंद ओसंडून वाहतो, तेव्हा घरातलं कुत्रं पलंगाखाली थरथरत असतं. त्याचे कान लांब असले तरी ऐकणं तिखट आहे. खिडक्या लावाव्यात, पंखा आणि रेडिओ चालू ठेवावा, फिरवणं फटाके सुरू होण्याआधी आटोपावं आणि गळ्यात फोन नंबरची पट्टी असावीच. घाबरून पळालेली कुत्री त्या रात्रींतच हरवतात.

पशुवैद्य घराजवळचा शोधून ठेवावा, कारण गर्दीच्या लोकलनं आजारी कुत्रं नेता येत नाही. मोठ्या उपचारांसाठी परळचं १८८३ पासून चालू असलेलं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. आपापल्या महापालिकेत कुत्र्याची नोंद करून परवानाही घ्यावा.

शेवटी शेजाऱ्यांबद्दल. प्राणी पाळायला सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण कायदा आपल्या बाजूनं आहे म्हणून शेजारधर्म संपत नाही. आम्हा कोकणी मुसलमानांत शाफई मसलक चालतो. त्यात कुत्र्याची लाळ नापाक मानतात, ती लागलेलं भांडं सात वेळा, त्यांतलं एकदा मातीनं धुवायला सांगितलं आहे. शिकार, राखण, शेती यांसाठी कुत्रा ठेवायला मुभा आहे. त्यामुळे नमाजला निघालेले एखादे चाचा लिफ्टमध्ये कुत्रं पाहून मागं सरकतात, तेव्हा तो द्वेष नसतो. सोवळ्यातल्या एखाद्या आजीही तशाच सरकतात. कुणाला लहानपणी चावलेलं असतं, कुणाला दमा असतो. कुत्रेवाल्यानं साखळी आखडून म्हणावं, 'तुम्ही जा, आम्ही पुढच्या लिफ्टनं येतो.' खाली केलेली घाण स्वतः कागदात उचलावी. एवढ्यानं निम्मी भांडणं मिटतात.

आणि ज्यांना कुत्रं घरात नको आहे, त्यांनाही त्याच्याशी नातं जोडता येतं. हदीसमध्ये एका माणसाची गोष्ट आहे. तहानेनं माती चाटणारं कुत्रं पाहून तो विहिरीत उतरला, आपल्या मोज्यात पाणी भरलं, तो दातांत धरून वर आला आणि त्या कुत्र्याला पाजलं. अल्लाहनं त्याचे गुन्हे माफ केले. आणि आपले नामदेव महाराज, कुत्र्यानं पोळी पळवली तर कोरडी खाऊ नकोस म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. तूप पचतं की नाही हा प्रश्न पशुवैद्याचा. धावण्यामागची कळकळ मात्र त्या विहिरीत उतरणाऱ्या माणसाचीच होती. कॉकर पाळणं सगळ्यांना जमणार नाही, आणि जमत नसेल तर न पाळणं हीसुद्धा त्याच्यावरची माया आहे. उन्हाळ्यात इमारतीच्या फाटकाशी पाण्याचं एक भांडं ठेवणं मात्र सगळ्यांना जमण्यासारखं आहे.